सहावं आणि आठवं चित्र

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर इतका रागावला, की तीन दिवस त्यानं गुरूशी अबोला धरला. गुरूशी अबोला धरणं शास्त्रात बसत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण आधी सगळं ऐका, आणि मग सांगा, तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं.

गुरू चित्रकथी होता. चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवून कथा सांगणारा. त्याच्यापाशी सुट्या चित्रांची एक चळत असते, तिला पोथी म्हणतात. एक चित्र उचलायचं, लोकांसमोर धरायचं, टाळाच्या ठेक्यावर त्यातला प्रसंग सांगायचा, ते खाली ठेवायचं आणि पुढचं उचलायचं. या विद्येचे दोन नियम होते. एका वेळी एकच चित्र दाखवायचं, हा पहिला. आणि पोथी एकदा उघडली की शेवटच्या चित्रापर्यंत मिटायची नाही, हा दुसरा. कथा अर्धवट टाकली तर ती गावाला बाधते, अशी लोकांची श्रद्धा होती. या म्हाताऱ्याला सगळे बुवा म्हणत. वय ऐंशीच्या घरात; समोरचा एक दात तेवढा पडलेला, बाकीचे असे शाबूत की ऊस दातानं सोलून खायचा. शिष्याचं नाव भिवा. पंचविशीचा, आवाजानं खणखणीत आणि डोक्यानं तापट.

देवादिकांच्या पोथ्या बुवांकडे पुष्कळ होत्या. पण चैत्राच्या जत्रेत गाव जिची वाट पाहायचं, ती पोथी गावाचीच होती. बारा चित्रांची, तळ्याची पोथी. बुवांच्या गुरूनं ती काढली होती.

गावाच्या वरच्या अंगाला एक तळं होतं. तळ्याला सांडवा होता, म्हणजे जास्तीचं पाणी वाहून जायची वाट. पाणी साठवायचं असलं की त्या सांडव्याला फळ्या लावायच्या आणि कुणी काढू नयेत म्हणून साखळी घालून कुलूप ठोकायचं. साठ-बासष्ट वर्षांपूर्वी त्या कुलपाची किल्ली नगरशेठच्या माडीत असायची. कारण पानमळा त्यांचा, आणि पानवेलीला बारमाही पाणी लागतं. एका भाद्रपदात चार दिवस आभाळ फाटलं. तळं काठोकाठ आलं. तेव्हा खालच्या वाडीतली चिमा नावाची बाई किल्ली मागायला शेठच्या माडीवर गेली. शेठनं किल्ली दिली नाही. तळं फुटलं, वाडी वाहून गेली, एकोणीस माणसं गेली. चिमा त्यांतच गेली. ही चिमा म्हणजे भिवाची आजी.

त्यानंतर गावानं एक शहाणपणाचा निर्णय घेतला. ज्याच्या घरावर पाणी येणार, किल्ली त्याच्या घरी राहील. तेव्हापासून ती खालच्या वाडीत होती, आणि आता भिवाच्या आत्याच्या घरी खुंटीला टांगलेली होती.

आता त्या जुन्या शेठचा नातू गादीवर होता. त्यानं नवा पानमळा लावला होता, दुप्पट मोठा. त्याला किल्ली परत हवी होती, आणि त्यासाठी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गावाची बैठक ठरली होती. पूर पाहिलेली माणसं गावात दोन-चारच उरली होती. उरलेल्यांची आठवण म्हणजे ती बारा चित्रं. आणि त्या बारांत किल्लीचं नाव यायचं ते एकाच चित्रात, सातव्यात. त्यात जुना शेठ झोपाळ्यावर बसलेला होता, डोळे लाल, दात बाहेर, कमरेला हातभर लांब किल्ली आणि नकाराचा हात वर.

शेठजी बुवांकडे आले ते धमकी घेऊन नाही, शाल घेऊन आले. गोड माणूस. असली माणसं नेहमी गोडच असतात! म्हणाले, बुवा, पोथी अवश्य सांगा, देवळाचा मंडप आमचाच आहे, तो तुमच्यासाठी मोकळा. फक्त सातवं चित्र तेवढं गाळा. पाऊस पडला, तळं फुटलं, देवाची करणी. मेलेल्या माणसाची बदनामी किती पिढ्या करायची? आणि गाळायचं नसेल, तर यंदा मंडपात दुसरं काहीतरी ठेवू.

भिवा कोपऱ्यात टाळ पुसत बसला होता. त्याला वाटलं, आता बुवा ती शाल शेठजींच्या अंगावर भिरकावणार. बुवा उठले. त्यांनी चळतीतून सातवं चित्र काढलं, धोतराच्या सोग्यानं त्याच्यावरची धूळ पुसली, फडक्यात गुंडाळलं आणि शेठजींच्या हातात दिलं.

"जपून ठेवा," बुवा म्हणाले. "रंग जुना आहे, ओल लागू देऊ नका."

आणि शाल खांद्यावर घेतली.

झालं! भिवाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्या माणसाच्या पायाशी बारा वर्षं काढली, त्यानं एका शालीपायी आपल्या आजीला पुन्हा पाण्यात लोटलं, असंच त्याला वाटलं. तीन दिवस तो बुवांना जेवण वाढायचा, अंथरूण घालायचा, पण तोंडातून शब्द नाही. चौथ्या दिवशी मात्र त्याच्यानं राहवलं नाही.

"बुवा, तुम्ही विकले गेलात," तो म्हणाला.

बुवांनी ते ऐकून घेतलं. रागावले नाहीत की दुखावले नाहीत. म्हणाले, यंदाची पोथी तू सांगायची. नीट सांगितलीस तर पोथी तुझी. अकरा चित्रं आहेत, तेवढ्यात भागव. आणि जत्रेआधी पलीकडच्या गावी कुंभारवाड्यात जाऊन सांगून ये. तिथल्या बायकांना ना शेठ माहीत, ना तळं.

"आणि तुमच्या शालीचं काय सांगू त्यांना?"

"शेठनं मला खोटं सांग म्हटलं असतं, तर मी मान कापून दिली असती, चित्र दिलं नसतं," बुवा म्हणाले. "पण त्यानं गाळायला सांगितलं. अरे वेड्या, गाळणं हा तर आपला धंदा आहे. तुझ्या आजीच्या आयुष्यातले किती दिवस गाळून या बारा चित्रांत ती मावली, कधी मोजलंस?"

भिवाला ते पटलं नाही. पण पोथी हातची जाऊ नये, म्हणून तो कुंभारवाड्यात गेला.

गेला तो पेटलेलाच गेला. त्यानं ठरवलं, सुरुवातच पुरापासून करायची. आठवं चित्र आधी काढायचं आणि घणाघात करायचा. तसा तो करत सुटला. पाणी, किंकाळ्या, वाहणारी छपरं, एकोणीस प्रेतं. मग शेठच्या सात पिढ्यांचा उद्धार. आवाज असा, की शेजारच्या गल्लीतली कुत्री उठली. कुंभारणी मडकी थापटत ऐकत होत्या. त्यांचा हात काही थांबला नाही. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "वाईट झालं बाबा. पण ही मेलेली माणसं होती तरी कोण?"

भिवा शेठबद्दल पुन्हा सांगू लागला. ती म्हणाली, असेल बाबा, शेठ म्हटला की तसाच असायचा. आणि भट्टी लावायला उठून गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं तीच पोथी सरळ क्रमानं सांगितली. गावानं तळं बांधलं ते पहिलं, तळं भरलं ते दुसरं, असं करत सहावं झालं, की गुपचूप आठवं. या वेळी बायकांनी हातातली कामं ठेवली. चिमाचं ऐकताना दोघींनी पदर डोळ्याला लावला. कथा संपल्यावर त्यांनी त्याला एक नवाकोरा माठसुद्धा दिला. भिवा खूश झाला आणि सहज विचारून बसला, की तळं कशानं फुटलं असं वाटतं तुम्हांला?

"कशानं म्हणजे? पावसानं," म्हातारी म्हणाली. "देवाची करणी, दुसरं काय."

भिवानं माठ खाली ठेवला. शेठजींचे शब्द, जसेच्या तसे! सातवं चित्र गाळलं होतं आणि ते गाळलंय हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. शेठजींना जे करायचं होतं, ते भिवानं स्वतःच्या तोंडानं आणि स्वतःच्या खणखणीत आवाजानं करून दाखवलं होतं.

तो परत आला तेव्हा बुवा ओट्यावर बसले होते. भिवानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात राग कमी आणि भीती जास्त होती. बैठक चार दिवसांवर आली होती.

बुवांनी तोंड उघडलं आणि पडलेल्या दाताच्या जागी बोट ठेवलं.

"हा दात पडून अकरा वर्षं झाली," ते म्हणाले. "दिवसातून शंभरदा जीभ इथंच येते. बाकीचे एकतीस जागेवर आहेत, त्यांची चौकशी ती कधी करत नाही. का सांग? कारण शेजारचे दोन दात घट्ट उभे आहेत. ज्याचं तोंडाचं बोळकं झालंय, त्याची जीभ कुठल्या फटीत जाणार? तिथं सगळीच फट. तू पहिल्या दिवशी सगळे दात पाडलेस. ओळख नाही, पाळख नाही, थेट प्रेतं. आणि दुसऱ्या दिवशी फट दिसू नये म्हणून बाजूचे दात एकमेकांवर सरकवलेस. प्रसंगामागून प्रसंग ठेवला की कथा होते असं तुला वाटतं. तसं नाही. एका प्रसंगानं दुसऱ्याकडे काहीतरी मागितलं पाहिजे, आणि दुसऱ्यानं ते द्यावं तरी किंवा नाकारावं तरी. तेवढं जमलं, तर मधलं चित्र शेठच्या पेटीत असलं काय आणि विहिरीत असलं काय, लोक ते शोधून काढतील. मी शेठला कागद दिला, भिवा. कथा दिली नाही."

भिवानं दोन दिवस दार लावून घेतलं. अकरा चित्रं जमिनीवर मांडली आणि त्यांच्यामधून उकिडवा फिरत राहिला. इतकी वर्षं ती चित्रं त्यानं पाहिली होती, पण बघायची म्हणून कधी पाहिलीच नव्हती. तिसऱ्या चित्रात सांडव्याच्या फळ्यांवर एक इवलंसं कुलूप रंगवलेलं होतं. कुंभारवाड्यात त्यानं ते कुणाला दाखवलंच नव्हतं. सहाव्यात चिमा माडीच्या पायऱ्या चढत होती, उजवा हात पुढे केलेला. आणि आठव्यात ती बांधावर उभी होती, मागून पाणी उसळतंय आणि तिचे दोन्ही तळवे लोकांकडे उघडे. हे तळवे म्हणजे तळ्यातल्या देवीची करुणा भाकणं, असं बुवा सांगायचे, बुवांचे गुरूही तसंच सांगायचे. सातवं चित्र मधे असेपर्यंत ते खपूनही जायचं.

आता मधे कुणीच नव्हतं. ते तळवे प्रार्थनेचे नव्हते. ते रिकामे होते.

जत्रेच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मंडप भरला. पुढे शेठजी, त्यांच्या मागे गाव, डावीकडे बायका. त्यांत शेठजींची आई, जिला सगळे मोठ्या बाई म्हणत, भिंतीला टेकून बसलेली. बुवा एका खांबाशी टाळ घेऊन बसले. भिवानं पोथीला नमस्कार केला आणि ती उघडली.

त्यानं आवाज चढवला नाही. पहिल्या चित्रात त्यानं माणसं आणली, नावानिशी. कुणी किती पाट्या माती टाकली, कुणाच्या बायकोनं भाकरी पुरवल्या, तळ्यातल्या पहिल्या पाण्यानं कुणाचं बारसं झालं. लोक हसले, कारण ती नावं त्यांच्याच घरातली होती. तिसऱ्या चित्रावर तो थांबला, त्या इवल्या कुलपावर बोट ठेवलं आणि म्हणाला, याची किल्ली एकच होती, लक्षात असू द्या. मग पाऊस आला. चौथ्या चित्रात पाणी बांधाच्या कमरेला, पाचव्यात गळ्याला. आणि दोन्ही वेळा वाडीतली माणसं सांडव्यापाशी जाऊन फळ्यांना हात लावून परत येत, कारण कुलूप तसंच होतं. सहाव्या चित्रापर्यंत येता येता सबंध मंडप पाऊस थांबायची वाट बघत नव्हता. त्यांना किल्ली हवी होती.

"चिमा माडीच्या अकरा पायऱ्या चढली," भिवा म्हणाला. "आणि हात पुढे केला."

मग त्यानं नियम मोडला. सहावं चित्र खाली ठेवलं नाही. ते डाव्या हातात धरलं आणि उजव्या हातानं आठवं उचललं. इकडे पुढे केलेला हात, तिकडे दोन रिकामे तळवे. दोन्ही चित्रं छातीच्या उंचीवर धरून तो गप्प उभा राहिला. बुवांचा टाळ थांबला.

लोकांच्या नजरा एका चित्रावरून दुसऱ्यावर आणि परत पहिल्यावर फिरू लागल्या. आणि मग मागून शेठजींच्याच पानमळ्यातला एक गडी, बिचारा काही मनात न धरता, जसं कुणीही विचारेल तसं, म्हणाला, "मग किल्ली कुठं राहिली?"

भिवानं ती दोन चित्रं खाली घेतली नाहीत. विचारणारे दोनाचे चार झाले, चाराचे चाळीस. सगळे हळू आवाजात, एकमेकांनाच विचारत होते. शेठजी अर्धवट उठले आणि म्हणाले, पुढं चला, उशीर होतोय.

"पोथी उघडली आहे, शेठजी," भिवा म्हणाला. "जायचं ते चित्रावरून चित्रावरच जाता येतं. मला इथून वाट नाही."

शेठजींनी बुवांकडे पाहिलं. बुवा शाल सारखी करत होते. पोथी थांबवावी, तर कथा अर्धी राहते, आणि ती बाधा गावावर कुणी आणली हे गाव विसरलं नसतं. शेठजी उभेच राहिले, त्यांना बसवेना की जाववेना.

तेव्हा भिंतीपासून एक थकलेला आवाज आला.

"किल्ली आमच्या देवघरात होती," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी नऊ वर्षांची, नुकती लग्न होऊन आले होते. दार मीच उघडलं. ती पायरीवर बसून राहिली. तिच्या लुगड्याचं पाणी एकेक पायरी उतरत खाली जात होतं. मामंजी जेवून पडले होते. मी आत जाऊन सांगितलं. ते कूस बदलून म्हणाले, उद्या बघू. मीच बाहेर येऊन तिला तसं सांगितलं." मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. "बस खाली. पोरानं तुझ्या आजोबांचं नाव घेतलेलं नाही. मी घेतलं."

शेठजी बसले. मंडपात बायका रडत होत्या, आणि काही पुरुषही. भिवालाही रडू आलं, पण त्यानं ते लपवलं नाही. त्यानं सहावं चित्र खाली ठेवलं आणि आठव्यापासून बाराव्यापर्यंत पोथी पुरी केली.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. शेठजी आले, पाटाच्या डागडुजीवर बोलले, जत्रेच्या व्यवस्थेवर बोलले. किल्लीचा विषय त्यांनी काढला नाही आणि त्यांच्या वतीनं कुणी काढण्याची छातीही केली नाही. किल्ली आत्याच्या खुंटीवर राहिली.

संध्याकाळी शेठजींच्या गड्यानं फडक्यात गुंडाळलेलं सातवं चित्र परत आणून दिलं. भिवानं फडकं सोडलं आणि तो चित्राकडे बराच वेळ पाहत राहिला. लाल डोळे, बाहेर आलेले दात, कमरेची हातभर किल्ली. लहानपणापासून या चित्रावर त्याचा केवढा जीव होता. आज ते त्याला खोटं वाटलं. कूस बदलून "उद्या बघू" म्हणणारा माणूस त्यात कुठंच नव्हता.

"माझ्या गुरूनं ते ऐकीव काढलं होतं," बुवा म्हणाले. "त्या दारात कोण उभं होतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. चित्र होतं तोवर कुणी विचारलंच नाही, म्हणून त्या बाईनं सांगितलं नाही."

भिवानं सातवं चित्र चळतीच्या तळाशी पालथं ठेवलं. सहाव्यावर आठवं ठेवलं. मग तो बुवांच्या पाया पडला, आणि तीन दिवसांच्या अबोल्याबद्दल काही बोलणार, तोच बुवांनी खांद्यावरची शाल काढून पोथीभोवती गुंडाळली आणि ती त्याच्या हातात दिली.

"याच्यासाठीच घेतली होती," ते म्हणाले. "जुनं फडकं फाटलं होतं."

तुमच्याही कथेतलं एखादं पान कुणी गोड बोलून मागायला आलं, तर भांडत बसू नका, देऊन टाका. मात्र त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं पान दोन्ही हातांत घट्ट धरा, आणि ते काही केल्या खाली ठेवू नका.